कर्करोग प्रतिबंध : सुरुवात रोजच्या सवयींपासून



कर्करोगाचे नाव आजही पुष्कळ घरांत मोठ्याने घेतले जात नाही. ‘तो आजार’, ‘ती गाठ’ असे म्हणून विषय पुढे ढकलला जातो. या भयामागे एक समजूत दडलेली असते. कर्करोग हा दैवाचा घाला आहे, तो कोणाला गाठील आणि कोणाला सोडील हे माणसाच्या हाती नाही, ही ती समजूत होय. ती सर्वस्वी खोटी आहे असे म्हणता येत नाही. काही कर्करोग कोणतेही व्यसन नसलेल्या माणसालाही होतात, आणि अशा रुग्णाला त्याच्या आजाराबद्दल बोल लावणे हा त्याच्यावर अन्यायच ठरेल. परंतु ती पूर्णपणे खरीही नाही. ज्ञात कारणे टाळली आणि प्रतिबंधाचे माहीत असलेले उपाय योजले, तर ३० ते ५० टक्के कर्करोग रोखता येतील, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ही कारणे शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ती चुन्याच्या डबीत आहेत, मशेरीच्या डब्यात आहेत, मद्याच्या पेल्यात आहेत, कुबट वास येणाऱ्या शेंगदाण्यांत आहेत आणि ‘पुढे पाहू’ म्हणून टाळलेल्या तपासणीतही आहेत. २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतीय पुरुषांत ओठ व मुखाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पहिल्या व गर्भाशयमुखाचा दुसऱ्या क्रमांकावर आहे. यांपैकी मुखाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात टाळता येण्याजोगा आहे, तर स्तनाचा कर्करोग वेळेवर ओळखल्यास बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. म्हणूनच दैनंदिन सवयींचा विचार हा केवळ वैयक्तिक नीतीचा विषय नाही, तो सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे.

चिमूटभर तंबाखू

या सवयींत पहिले स्थान तंबाखूचे आहे. २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. स्त्रियांमध्ये तंबाखूसेवनाचे प्रमाण १७ टक्के होते. याचा अर्थ असा की, महाराष्ट्राचा प्रश्न सिगारेटपेक्षा अधिक चुना लावून मळलेल्या तंबाखूचा, गुटख्याचा, माव्याचा, विदर्भातील खर्ऱ्याचा आणि घरोघरच्या मशेरीचा आहे.

तंबाखूचा बार गालफडात किंवा खालच्या ओठाआड धरला जातो. तंबाखूतील नायट्रोसामाइन नावाची कर्कजनक द्रव्ये लाळेत उतरून तोंडाच्या नाजूक अस्तराशी तासन्‌तास संपर्कात राहतात. चुन्यामुळे निकोटीन लवकर सुटे होते आणि तलफ अधिक पक्की होते. जेथे बार धरण्याची सवय असते, पुष्कळदा तेथेच प्रथम पांढरा किंवा तांबडा चट्टा दिसू लागतो. हा चट्टा दुखत नाही, आणि तो दुखत नाही म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

मशेरीची गोष्ट थोडी निराळी आहे. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू दातांना लावणे याला व्यसन म्हणण्यास अनेक भगिनी तयार नसतात. दात दुखतात म्हणून किंवा पोट साफ होते म्हणून ती सुरू होते. सासू लावते म्हणून सूनही लावू लागते. काही दिवसांनी सकाळची मशेरी दुपारी आणि रात्रीही लागू लागते. भाजल्याने तंबाखूतील विष नाहीसे होत नाही, आणि दुखणे तात्पुरते बधिर झाले तरी किडलेला दात किडलेलाच राहतो. मुंबईत गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असेही दिसून आले की, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने कमी होते.

सुपारीविषयीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी आहे असे मानले जाते. वस्तुतः सुपारी स्वतःच कर्कजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे. सुपारीच्या सततच्या सेवनाने तोंडाचे अस्तर ताठर होत जाते, तिखट झोंबू लागते आणि हळूहळू तोंड पुरेसे उघडेनासे होते. मुलांच्या हाती खाऊ म्हणून सुगंधी सुपारीची पुडी देणे म्हणजे त्यांना याच वाटेवर आणून सोडणे होय. विडीबद्दलही तेच. ती पानात वळलेली असते म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य ठरत नाही. तिचा धूर फुप्फुस, घसा आणि अन्ननलिका यांना तेवढाच घातक आहे, आणि घरात ओढलेल्या विडीचा धूर बायकामुलांच्याही फुप्फुसांत जातो.

संशोधनाने दिलेला दिलासा

या विषयातील काही मूलभूत संशोधन महाराष्ट्राच्या भूमीवर झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी केली. डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. मुखातील कर्करोगपूर्व विकृती मुख्यत्वे तंबाखूचे सेवन करणाऱ्यांतच आढळतात, हे अशा पाहण्यांतून स्पष्ट झाले.

त्यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. सवय सोडविता येते काय, आणि ती सोडल्यास धोका कमी होतो काय? याच संशोधकांनी केरळातील एर्नाकुलम, गुजरातमधील भावनगर आणि आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६,००० ग्रामस्थांपर्यंत हा प्रश्न नेला. घरोघरी भेटी देण्यात आल्या. व्यक्तिशः समजावून सांगणे, चित्रपट दाखविणे आणि फलक लावणे याखेरीज कोणतेही औषध देण्यात आले नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते. एर्नाकुलममध्ये तर तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले आणि तोंडात पांढरे चट्टे नव्याने उद्‌भवण्याचे प्रमाण घटले. चार समजुतीचे शब्द पुन:पुन्हा सांगितल्याने रोगाची वाट अडविता येते, याचा हा पुरावा होय. हे काम शिक्षकाला करता येते, ग्रामसेवकाला करता येते, आणि आशा कार्यकर्ती तर ते आजही करीत आहे.

सवय सोडताना

तंबाखू सोडणे सोपे आहे असे सांगणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. निकोटीनची ओढ शारीरिक असते. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप नीट लागत नाही, हात नकळत खिशाकडे जातो. परंतु हा त्रास सुरुवातीला सर्वांत तीव्र असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी पिणे, बडीशेप किंवा लवंग चघळणे, जागेवरून उठून चार पावले चालणे हे साधे उपाय उपयोगी पडतात. तंबाखूच्या जागी सुपारी चघळणे मात्र टाळावे. सोडण्याचा एक दिवस ठरवावा, तो घरच्यांना सांगावा आणि त्या दिवशी डबी घराबाहेर काढावी. एकदा मोडला म्हणून संकल्प कायमचा मोडला असे समजू नये. पुष्कळांना ही सवय दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नानंतर सुटते. ज्यांना मदतीची आवश्यकता वाटते, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

उशीर झाला म्हणून उपयोग नाही असेही नाही. धूम्रपान सोडल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका, ते चालू ठेवणाऱ्याच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास येतो. सोडण्यास योग्य वय कोणते, या प्रश्नाचे उत्तर ‘आज जे असेल ते’ हेच आहे.

मद्य आणि त्याची जोड

मुख, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तन, एवढ्या अवयवांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. देशी किंवा विदेशी, महाग किंवा स्वस्त, असा भेद येथे नाही, कारण अपाय मद्यार्काचा असतो. थोडे घेतले तर चालते, ही समजूतही कर्करोगाच्या बाबतीत टिकत नाही, कारण मात्रा जसजशी वाढते तसतसा धोका वाढत जातो. मद्य आणि तंबाखू एकत्र आल्यास मुख व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, तो अनेक पटींनी वाढतो. महाराष्ट्रातील अनेक गावांत भगिनींनी ‘आडवी बाटली’साठी मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली. संसार सावरण्यासाठी दिलेला तो लढा आरोग्याच्या दृष्टीनेही मोलाचा ठरतो.

स्वयंपाकघर आणि शेतशिवार

आहाराच्या बाबतीत महाग पदार्थांच्या मागे लागण्याची आवश्यकता नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या आणि हंगामी फळे हा जुना आहारच उपयुक्त आहे. अशा अन्नातील चोथा आतड्याचे काम सुरळीत ठेवतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी करण्यास साहाय्य करतो. खारवलेले पदार्थ बेताने खावेत. तळलेले, गोड व पाकीटबंद पदार्थ रोजच्या ताटात असू नयेत. कोणतेही एक फळ, काढा किंवा चूर्ण कर्करोग टाळते किंवा बरा करते अशी जाहिरात दिसल्यास तिच्यावर विश्वास ठेवू नये.

साठवणीकडे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. ओलसर जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांवर व मक्यावर एक प्रकारची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. ते यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते. यकृतदाह ‘ब’ची बाधा असलेल्या व्यक्तीस त्याचा धोका अधिक असतो. भाजल्याने किंवा शिजविल्याने हे विष पूर्णपणे जात नाही. म्हणून शेंगा चांगल्या वाळवून कोरड्या जागी साठवाव्यात आणि काळपट, सुरकुतलेले, कुबट दाणे निवडून टाकून द्यावेत. ते दाणे कुटात वापरून संपविणे ही काटकसर नव्हे. स्वयंपाकघरातील धूर हाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. जेथे अद्याप चूल पेटते, तेथे धूर बाहेर जाण्यास वाट आणि हवा खेळती राहण्यास खिडकी असलीच पाहिजे.

शेतात राबणाऱ्याला व्यायामाचे महत्त्व सांगावे लागत नाही. कचेरीत खुर्चीवर आणि घरी दूरचित्रवाणीपुढे दिवस घालविणाऱ्याला मात्र ते सांगावे लागते. लठ्ठपणामुळे स्तन, गर्भाशय व मोठे आतडे यांसह अनेक अवयवांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास झपझप चालले तरी तो हिशेब पूर्ण होतो. स्तनपानाने बाळाचे पोषण होते, तसेच मातेचे स्तनाच्या कर्करोगापासून काही प्रमाणात रक्षणही होते. एकूण जितके महिने स्तनपान घडते, तितका धोका कमी होत जातो.

लस आणि वेळेवरची तपासणी

काही कर्करोगांचे मूळ विषाणूंत असते, आणि तेथे लस हे प्रभावी साधन आहे. यकृतदाह ‘ब’ची लस बालकाला जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळणे इष्ट आहे, आणि ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट आहे. गर्भाशयमुखाच्या बहुतेक सर्व कर्करोगांमागे मानवी पॅपिलोमा विषाणू असतो. त्यावरील लस ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींना दिल्यास सर्वाधिक उपयोगी ठरते, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती देशातच तयार केली आहे. लस घेतली तरी पुढील वयातील तपासणीची आवश्यकता संपत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तपासणी ही रोजची सवय नसली, तरी शरीराकडे लक्ष ठेवणे ही सवयच आहे. महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात तोंड उघडून पाहावे. पांढरा किंवा तांबडा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे, मानेतील गाठ यांपैकी काही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. स्तनातील न दुखणारी गाठ, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी बंद झाल्यानंतर होणारा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे ही लक्षणे लाजेने लपवून ठेवण्याची नाहीत. ३० वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मुखतपासणी आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुख तपासणी यांची सोय शासकीय आरोग्य यंत्रणेत करण्यात आलेली आहे.

या सोयीचा लाभ किती, याचे उत्तर मुंबईतील एका प्रदीर्घ अभ्यासाने दिले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या वतीने वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा हा अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला. गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची ही साधी तपासणी, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी केली. तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

बार्शीचा अनुभव याहूनही साधा, पण तितकाच बोलका आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावागावांत नोंदणीचे कार्यकर्ते फिरू लागले. त्यांनी नोंदी घेतल्याच, शिवाय लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि संशय असलेल्यांना तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त केले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत असतानाच दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. तेथे नवे यंत्र बसविल्याने हे घडले नाही. गावात उघडपणे बोलले गेले, म्हणून घडले.

गावाची सवय

येथवर वैयक्तिक सवयींचा विचार झाला. परंतु सवय ही केवळ एकट्याची नसते, ती गावाचीही असते. पाहुणा आला की चंची पुढे करायची, सभा संपली की पानाचे तबक फिरवायचे, मजुराला कामाच्या मध्ये तंबाखूची सुट्टी द्यायची, ही आपल्याकडची रीत आहे. तंबाखू नाकारणे म्हणजे माणुसकी नाकारणे, असे वाटण्याइतकी ही रीत मुरलेली आहे. एकट्या माणसाला तिच्याविरुद्ध उभे राहणे कठीण जाते. म्हणून रीत बदलण्याची जबाबदारी गावाच्या धुरिणांवर येते.

कायद्याचे पाठबळ त्यासाठी उपलब्ध आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास, तसेच शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तिची विक्री करण्यास मनाई आहे. २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम लागू आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घालण्यात आली. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार बालकाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि, शाळेच्या फाटकाजवळच्या टपरीवर पुडी लटकत असेल आणि मुख्याध्यापक, सरपंच व पोलीस पाटील तिच्यासमोरून रोज जात असतील, तर कायदा कागदावरच राहतो. ‘पुडी आण जा’ म्हणून मुलाला दुकानात पाठविणारा वडीलधारा माणूसही त्या टपरीचाच भागीदार ठरतो.

गडचिरोली जिल्ह्याने या दिशेने एक वाट दाखविली आहे. तेथे १९९३ पासून दारूबंदी आहे. शासन, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने २०१६ मध्ये तेथे ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला. दारू आणि खर्रा यांविरुद्ध गावाने स्वतःच निर्णय घ्यावा, गावसंघटनेने विक्री थांबवावी आणि व्यसन सोडू इच्छिणाऱ्यास उपचार मिळावेत, अशी त्याची रचना आहे.

प्रत्येक गावाला आजच एवढा मोठा उपक्रम हाती घेता येईल असे नाही. परंतु काही गोष्टी उद्याच्या उद्या करता येतील. ग्रामसभेच्या बैठकीतून पानतंबाखूचे तबक काढून टाकता येईल. शाळेच्या परिसराची मोजणी करून हद्दीवर रेघ आखता येईल. शिक्षकाने विद्यार्थ्यांसमोर बार भरण्याचे थांबविले, तर तो धडा पाठ्यपुस्तकातील धड्याहून अधिक काळ लक्षात राहील. कार्यालयप्रमुखाने स्वतः तंबाखू सोडली, तर परिपत्रकाला अर्थ येईल. महिला मंडळाच्या एका बैठकीत आशाताईंना बोलावून मशेरीवर आणि तपासणीवर मोकळेपणाने बोलता येईल.

कर्करोगाशी अखेरचा लढा रुग्णालयात दिला जातो. तेथील खर्च, वेदना आणि धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. त्या लढ्याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त टप्पा मात्र घरात, शाळेत आणि चावडीवर असतो. चिमूट एकाएकी रोग आणीत नाही. वर्षानुवर्षे, रोज ती त्याची वाट तयार करीत असते. ती वाट बंद करण्याचे कामही तसेच रोजच्या रोज करावे लागेल, आणि त्याचा आरंभ पुढे आलेली चंची हात जोडून परत करण्याने होऊ शकेल.